कृष्णधवल थरारपट पाहायचा असेल तर ‘कानून’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे हिवाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावातील आमच्या घराच्या गच्चीवर पडदा बांधून मी जुने चित्रपट दाखवतो. त्यामुळे धुळे, अमळनेर, शहादा, रावेर अशा ठिकाणांहून वाचनालयाचे कार्यकर्ते, शिक्षक आणि कधी नुसतेच हौशी प्रेक्षक विचारणा करतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात. प्रत्येकाला फोनवर घाईने सांगण्यापेक्षा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे लेखन.

एकच कृष्णधवल थरारपट सुचवायचा झाल्यास आपण कोणता सुचवाल?

बी. आर. चोप्रा यांचा 1960 सालचा ‘कानून’. ज्यांनी जुने चित्रपट कधी आवडीने पाहिलेले नाहीत, अशा प्रेक्षकांसमोर तर मी नेहमी हाच ठेवतो. अशोककुमार, राजेंद्रकुमार, नंदा, मेहमूद, ओमप्रकाश, जीवन आणि नाना पळशीकर अशी कलावंतमंडळी त्यात आहेत. लांबी सुमारे अडीच तासांची आहे. चोप्रांचे नाव आपल्याकडे दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेमुळे घरोघरी पोहोचले. परंतु त्याआधी जवळजवळ तीन दशके त्यांनी किती नेटका आणि धाडसी चित्रपट केला होता, हे आजच्या पिढीला ठाऊक नसते.

कथा काय आहे? शेवट न सांगता सांगाल का?

सुरुवातीलाच न्यायालयात एक विलक्षण आरोपी उभा आहे. ज्या माणसाच्या खुनाबद्दल त्याने आधीच मोठी शिक्षा भोगली, तो माणूस प्रत्यक्षात जिवंत होता, आणि सुटून आल्यावर आरोपीने आता त्याला खरोखरच मारले आहे. एकाच खुनासाठी मला दोनदा शिक्षा कशी देता, असा त्याचा न्यायाधीशाला सवाल आहे. या प्रसंगाने विषय मांडला जातो आणि मग मुख्य कथा सुरू होते.

न्यायाधीश बद्रीप्रसाद (अशोककुमार) यांची मुलगी मीना (नंदा) आणि सरकारी वकील कैलास (राजेंद्रकुमार) यांचे लग्न ठरल्यात जमा आहे. मीनाच्या भावाने धनीराम नावाच्या सावकाराकडून कर्ज घेताना कोऱ्या कागदावर सही केलेली असते, आणि ती भानगड मिटवण्यासाठी कैलास एका रात्री सावकाराच्या घरी जातो. तेवढ्यात आणखी कोणी तरी येते, म्हणून तो आडोशाला थांबतो, आणि आपल्या डोळ्यांनी बद्रीप्रसादांना सावकाराचा खून करताना पाहतो. तो निघून गेल्यावर चोरीसाठी घरात शिरलेला एक गरीब भुरटा चोर प्रेताजवळ सापडतो आणि खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. खटला बद्रीप्रसादांच्याच न्यायासनासमोर चालतो, आणि कैलास सरकारी वकिली सोडून त्या चोराचे वकीलपत्र घेतो.

याच्यापुढे मी एक शब्दही सांगत नाही, आणि आपणही कोणाला सांगू नये अशी विनंती आहे.

खून कोणी केला हे सुरुवातीच्या भागातच दिसते. मग थरार उरतो कुठे?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरातच हा चित्रपट सुचवण्याचे माझे कारण आहे.

आपण रहस्यपट आणि थरारपट हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण दोहोंची रीत वेगळी आहे. रहस्यपटात प्रेक्षकापासून काही तरी लपवलेले असते आणि ‘कोणी केले’ हे शोधण्यात गंमत असते. ते एकदा कळले की चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण बरेचसे संपते. थरारपटात प्रेक्षकाला पडद्यावरील बहुतेक पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असते, आणि हे ठाऊक असणेच त्याला बेचैन करते. ‘कानून’मध्ये न्यायालय गच्च भरलेले आहे, साक्षीदार येत आहेत, पुरावे मांडले जात आहेत, आणि त्या सगळ्या गर्दीत कैलास आणि आपण एवढ्यांनाच माहीत आहे की आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच माणूस उभा आहे. बोलावे तर होणाऱ्या सासऱ्याच्या गळ्याला फास आणि मीनाचे घर उद्ध्वस्त. न बोलावे तर एक निरपराध माणूस फासावर. कैलास उलटतपासणीत एकेक प्रश्न विचारतो तेव्हा तो साक्षीदाराला विचारत असला तरी त्याची नजर न्यायासनाकडे कशी वळते, ते आवर्जून पाहावे. माझ्या मते या चित्रपटाचा सगळा ताण खुनाच्या प्रसंगाहूनही कैलासच्या मौनात साठलेला आहे.

दुसरे असे की, न्यायाधीश ही व्यक्ती इथे साधीसुधी नाही. बद्रीप्रसाद सज्जन आहेत, घरात प्रेमळ आहेत, फाशीच्या शिक्षेविषयी विचार करणारे आहेत. अशा माणसाच्या हातून हे कसे घडले, हा प्रश्न प्रेक्षक मनात धरून बसतो. त्यामुळे ‘कोणी केले’ हे माहीत असूनही ‘हे खरे कसे असू शकते’ ही टोचणी शेवटपर्यंत सुटत नाही.

यात गाणी नाहीत म्हणतात. प्रेक्षक कंटाळत नाहीत का?

एकही गाणे नाही, हे खरे आहे. ज्या काळात चित्रपटाचा धंदा गाण्यांवर चाले, त्या काळात चोप्रांनी हे केले. पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचे आहे. हिंदीतील पहिला गाण्याविना बोलपट हाच, असे अनेक जण सांगतात; ते मात्र बरोबर नाही. जे. बी. एच. वाडिया यांचा ‘नौजवान’ 1937 मध्ये आणि ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘मुन्ना’ 1954 मध्ये आला होता, आणि दोन्हींत गाणी नव्हती. ‘कानून’चे वेगळेपण असे की तो गाण्याविना लोकप्रियही झाला.

कंटाळ्याविषयी सांगायचे तर पहिल्या दहा मिनिटांतच न्यायालयातील तो सवाल समोर येतो आणि प्रेक्षक बांधला जातो. मीनाच्या भावाच्या भूमिकेतील मेहमूदचे काही विनोदी प्रसंग आज लांबलेले वाटतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्यासाठी चित्रपट पुढे सरकवू नये, कारण ज्या कर्जापायी हे सारे घडते ते या मुलानेच काढलेले आहे.

रंगवलेली प्रत मिळाली तर ती पाहावी का?

पाहू नये. हे मी हट्टाने सांगत नाही. त्याला कारण आहे.

1960 साली रंगीत फिल्म परदेशातून आणावी लागे आणि ती महाग पडे, म्हणून बहुतेक हिंदी चित्रपट कृष्णधवलच निघत. त्याच वर्षीच्या ‘मुघल-ए-आझम’लाही थोडाच भाग रंगीत करता आला होता. म्हणजे रंग नसण्यामागे पैशाची अडचण होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अडचणीतून शिकलेल्या छायाचित्रणकारांनी प्रकाशालाच रंग मानून काम केले. कोणत्या भिंतीवर किती उजेड पडावा, चेहऱ्याची कोणती बाजू अंधारात जावी, खिडकीच्या गजांची सावली कोणाच्या अंगावर यावी, हे सगळे करड्या रंगाच्या छटा डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असते. अशा चित्राला नंतर यंत्राने रंग चढवला की शालू गुलाबी होतो, भिंत पिवळी होते, आणि ज्या अंधाराने आपल्याला घाबरवायचे तो नुसता मळकट तपकिरी दिसू लागतो.

खानदेशातल्या माणसाला हे समजावणे मला कधी अवघड गेलेले नाही. मे महिन्यात दुपारी तापमान 44-45 अंशांवर गेलेले असताना बाहेरून घरात पाऊल टाकले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू कोनाडा, कोठी, खाटेवर कोणी तरी बसलेले, असे एकेक उमटू लागते. तो जो मधला क्षण आहे, जेव्हा घरात कोणी तरी आहे हे कळते पण कोण ते कळत नाही, त्या क्षणावरच कृष्णधवल थरारपटाची उभारणी झालेली असते.

अशोककुमार खंडव्याचे, हे खरे का?

जन्म 1911 मध्ये भागलपूरला झाला, पण गांगुली कुटुंबाचे घर खंडव्यात, आणि धाकटे बंधू किशोरकुमार तर खंडव्यातच जन्मले. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की रावेर, बऱ्हाणपूर आणि मग खंडवा लागते. बऱ्हाणपूर ही तर जुन्या खानदेशाची राजधानी. त्यामुळे आमच्याकडील वडीलधारी मंडळी अशोककुमार यांच्याविषयी शेजारच्या गावच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात, आणि मला ते योग्य वाटते.

या भूमिकेच्या संदर्भात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. त्यांचे वडील कुंजलाल गांगुली वकील होते, आणि मुलालाही कायद्याच्या अभ्यासासाठी कलकत्त्याला पाठवले होते. मुलगा तो अभ्यास अर्धवट सोडून मुंबईत बॉम्बे टॉकीजमध्ये आला, तेही नट होण्यासाठी नव्हे. सुरुवातीला तो प्रयोगशाळेत काम करत असे. वकिलाच्या घरातल्या त्या मुलाने पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर न्यायाधीश रंगवला. आवाज न चढवता, हातवारे न करता, कागद चाळता चाळता एखादा प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत पाहिली की घरी लहानपणापासून पाहिलेले कुठे तरी झिरपले असावे, असे मला वाटते.

नाना पळशीकर यांच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो गरीब चोर त्यांनी केला आहे, आणि त्याबद्दल त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनाचा चोप्रांना मिळाला. पिंजऱ्यातील पळशीकरांचे बोलणे सुरू झाले की आमच्या गच्चीवर कोणी खोकतही नाही.

चित्रपटातील न्यायालयीन कामकाज खरे आहे का?

वकील मित्रांसोबत पाहिल्यास ते पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते. एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा नाही, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 मध्ये आहे. परंतु सुरुवातीच्या आरोपीने सुटून आल्यावर केलेला खून हे नवे कृत्य आहे, म्हणून त्याला ते संरक्षण प्रत्यक्षात मिळणार नाही. पूर्वीची शिक्षा चुकीची होती, एवढेच फार तर सिद्ध होईल. तसेच ज्या खटल्यात आपण साक्षीदार ठरू शकतो असे वकिलाला ठाऊक आहे, त्या खटल्यात त्याने वकील म्हणून उभे राहू नये, असा वकिलीच्या आचारसंहितेचा दंडक आज आहे. म्हणजे कैलासची सगळी लढाई त्या नियमात बसत नाही.

असे असले तरी चित्रपटाचा मूळ प्रश्न मात्र पोकळ नाही. चुकीने दिलेली कैद निदान थांबवता येते, चुकीने दिलेली फाशी परत घेता येत नाही, हे तो सांगतो. तो कोणत्या काळात सांगतो, हेही पाहावे. 1955 पर्यंत आपल्या फौजदारी प्रक्रियेत खुनासाठी फाशी न देता कमी शिक्षा द्यायची असेल तर न्यायाधीशाला कारणे नोंदवावी लागत; त्या वर्षी ती अट गेली. 1973 च्या संहितेने उलटे केले, फाशी द्यायची असेल तर विशेष कारणे द्यावी लागू लागली, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विरळातील विरळ’ प्रकरणाची कसोटी घालून दिली. ‘कानून’ या वाटचालीच्या मधोमध आलेला आहे. कायद्याचे विद्यार्थी समोर असतील तर एवढी माहिती चित्रपटानंतर अवश्य द्यावी. आधी दिल्यास मात्र ते चुका मोजत बसतात.

लहान मुलांना दाखवता येईल का?

बारा वर्षांपुढील मुलांना खुशाल दाखवावा. खून दाखवलेला असला तरी रक्तपाताचे बीभत्स चित्रण नाही. त्याहून लहान मुले घाबरणार नाहीत, पण न्यायालयातील लांब संवादांत त्यांना झोप येईल.

ग्रामीण प्रेक्षकांना हिंदी समजते का?

समजते. घरी अहिराणी बोलणाऱ्या आमच्या प्रेक्षकांना ‘मुजरिम’, ‘गवाह’, ‘बेगुनाह’ हे शब्द कधी अडले नाहीत. संवाद अख्तर-उल-इमान यांचे आहेत; काही उर्दू शब्द जड आहेत, पण प्रसंगावरून अर्थ लागतो. आणि सावकाराने कोऱ्या कागदावर सही घेणे म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या प्रसंगाला मागच्या रांगेतून जे सुस्कारे ऐकू येतात, ते मी शहरातल्या प्रेक्षकांकडून कधी ऐकलेले नाहीत.

चित्रपट दाखवण्याची व्यवस्था कशी करावी?

पहिली गोष्ट अंधार. रंगीत चित्रपट थोड्या उजेडातही निभावतो. कृष्णधवल चित्रपटातील सावल्या मात्र रस्त्यावरच्या एका दिव्यानेही पुसल्या जातात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सातला सुरू करता येते. मे महिन्यात आठच्या आधी सुरू करू नये, आणि गच्चीवर संध्याकाळीच पाणी मारून ठेवावे, नाही तर फरशीची धग अर्ध्या चित्रपटापर्यंत जात नाही. सतरंज्या अंथरलेल्या बऱ्या. प्लास्टिकच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज शांत प्रसंगात फार बोचतो.

दुसरी गोष्ट चित्राचा आकार. त्या काळातील चित्र आजच्या टीव्हीपेक्षा कमी रुंद असते, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते भरून काढण्यासाठी बरेच जण चित्र ताणतात आणि मग सगळी माणसे बुटकी व रुंद दिसू लागतात. ते काळे पट्टे तसेच राहू द्यावेत. प्रोजेक्टरवर रंग भडक करणारी जी सोय असते ती बंद ठेवावी आणि उजळपणा थोडा कमी करावा. आवाज संवादांसाठी महत्त्वाचा आहे, तेव्हा लग्नातले मोठे भोंगे आणण्यापेक्षा दोन साधे स्पीकर प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवणे चांगले. विजेचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर आधी तपासून घ्यावा, कारण उलटतपासणीच्या मध्यावर पडदा काळा झाला की तो ताण पुन्हा बांधता येत नाही.

तिसरी गोष्ट उशिरा येणाऱ्यांची. याच 1960 साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’ प्रदर्शित करताना चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, अशी अट चित्रपटगृहांना घातली होती. ‘कानून’लाही तीच अट लावावी असे मला मनापासून वाटते, कारण न्यायालयातील पहिला प्रसंग चुकला तर पुढच्या प्रश्नाची धारच कळत नाही. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचा बेत असेल तर जेवण चित्रपटानंतर ठेवावे.

सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यासाठी परवानगी लागते का?

भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1960 च्या चित्रपटावरील तो हक्क त्या हिशोबाने 2020 अखेर संपतो. मात्र संवाद आणि संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, आणि ओटीटीवरील वर्गणी ही घरगुती पाहण्यासाठीच असते. तिकीट लावणार असाल किंवा मोठा जाहीर कार्यक्रम असेल तर एखाद्या जाणकार वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

मराठीत असा एखादा चित्रपट आहे का?

आहे, आणि तो विसरला जाणे मला फार खटकते. राजा परांजपे यांचा 1964 सालचा ‘पाठलाग’. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात आहेत. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते, आणि पुढे आरोपी म्हणून पकडलेली एक स्त्री ‘मी तुमचीच पत्नी’ असा दावा करते. घरातल्या, दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी ती भर न्यायालयात सांगू लागते. ग. दि. माडगूळकरांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणे आठवत नाही असा मराठी माणूस विरळाच, पण ते कोणत्या चित्रपटातले हे पुष्कळांना सांगता येत नाही. यावरूनच 1966 मध्ये राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला. ‘मेरा साया’ रंगीत आहे, देखणा आहे. परंतु त्या स्त्रीविषयीची शंका मला मूळ कृष्णधवल चित्रपटात अधिक गडद वाटते.

‘कानून’ पाहून झाल्यावर पुढच्याच आठवड्यात ‘पाठलाग’ लावावा. दोन्हींत न्यायालय आहे, दोन्हींत वकील स्वतःच गुंतलेला आहे. पहिल्यात त्याला सगळे ठाऊक असून बोलता येत नाही. दुसऱ्यात त्याला काहीच खात्रीने ठाऊक नाही आणि बोलल्याशिवाय सुटका नाही.

मग ‘महल’, ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’ यांचे काय?

तिन्ही पाहावेत, पण त्यांची जात वेगळी आहे. 1949 च्या ‘महल’चे छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रणकाराचे आहे आणि केवळ त्यातील हवेलीच्या अंधारासाठीही तो पाहण्यासारखा आहे. 1962 चा ‘बीस साल बाद’ आणि 1964 चा ‘वह कौन थी’ यांत भुताची भीती, धुके आणि लता मंगेशकर यांचे दुरून येणारे गाणे यांवर भर आहे. मजा येते, मात्र उलगडा झाला की भीती उरत नाही.

परदेशी चित्रपटांपासून सुरुवात का करू नये? ‘सायको’ तर अधिक प्रसिद्ध आहे.

‘सायको’ थोर आहे, यात वाद नाही. केवळ तंतुवाद्यांवर बेतलेले बर्नार्ड हरमन यांचे संगीत आणि न्हाणीघरातील तो प्रसंग यांची नक्कल जगभर झाली. परंतु नक्कल इतकी झाली आहे की नवा प्रेक्षक तो प्रसंग येण्याआधीच तयार असतो, आणि खाली येणारी भाषांतराची ओळ वाचण्यात चेहरा पाहायचा राहून जातो. ‘कानून’विषयी आजच्या तरुणाला बहुधा काहीच ठाऊक नसते. पाटी कोरी असलेला प्रेक्षक मिळणे हे थरारपटाचे भाग्यच. थोडी गोडी लागली की फ्रिट्झ लांग यांचा 1931 चा जर्मन चित्रपट ‘एम’ दाखवावा. खुन्याचा चेहरा दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते, आणि एका आंधळ्या फुगेवाल्याला ती शीळ ओळखू येते, एवढेच सांगतो.

कोणी आधीच शेवट सांगून टाकला तर काय करावे?

आमच्याकडे एकदा हे घडले. मध्यंतरात चहा घेताना एका पाहुण्यांनी उत्साहाच्या भरात शेजारच्या चार मुलांना शेवट सांगितला. मला फार वाईट वाटले, आणि ती मुले उठून जातील असे वाटले. मी त्यांना एवढेच म्हणालो की, आता कैलासकडे पाहू नका. शेवटपर्यंत फक्त न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा. मुले बसली. चित्रपट संपल्यावर त्यांतला एक मुलगा सतरंज्या गुंडाळायला थांबला आणि म्हणाला, ‘काका, पुढच्या शनिवारी हाच परत लावाल का? आता पहिल्यापासून त्यांच्याकडेच पाहायचे आहे.’ पुढच्या शनिवारी तो पुन्हा लावला, आणि चारही मुले वेळेच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली होती.